तीन वर्षें आणि एक दिवस

जर्मनींतील एखाद्या लहान गांवाच्या हद्दीवर अजूनहि केव्हां केव्हां एक विलक्षण समारंभ पाहावयास मिळतो. रस्त्याच्या कडेला गांवाचें नांव लिहिलेली पिवळी पाटी असते. तिच्याभोंवतीं दहावीस माणसें जमलेलीं असतात. आई असते, बाप असतो, भावंडें असतात. आणि काळा कोट, काळी तुमान, रुंद कांठाची काळी टोपी अशा एकाच वेषांतले कांहीं तरुण असतात. पाटीच्या पायथ्याशीं खड्डा खणून मद्याची एक भरलेली बाटली पुरली जाते. मग त्या तरुणांतील सर्वांत नवखा, विशी-बाविशीचा मुलगा घरच्यांचा निरोप घेतो, पाटीवर चढतो, क्षणभर माथ्यावर थांबतो आणि पलीकडे उभ्या असलेल्या सोबत्यांच्या हातांवर अंग टाकून देतो. एकदां पलीकडे गेला कीं त्यानें मागें वळून पाहावयाचें नाहीं. तीन वर्षें व एक दिवस पुरा होईपर्यंत त्यानें घरीं यावयाचें नाहीं. तो परतेल त्या दिवशीं तीच बाटली त्याच जागीं उकरून काढावयाची असते.

हा मुलगा घर सोडून पळालेला नसतो, कीं परदेशांत कायमचें बस्तान ठोकण्यासाठींहि निघालेला नसतो. तो सुतार, गवंडी किंवा छपरें घालणारा कारागीर असतो. उमेदवारीचीं वर्षें संपवून तो परीक्षेंत उतरलेला असतो, आणि आतां मिळेल तेथें काम करीत, त्या कामाच्या जोरावर मुलूख पाहात, ठरलेली मुदत भरली म्हणजे परत येण्यास तो बांधलेला असतो. जर्मन भाषेंत या प्रवासाला ‘वाल्त्स’ असें नांव आहे. हल्लीं कित्येक देशांचीं सरकारें परक्या तरुणांना वर्ष दोन वर्षें काम करीत देश पाहण्याचा परवाना देतात. ती कल्पना नवी वाटली तरी तिच्या कुळांत हा शेंकडों वर्षांचा वडील बसलेला आहे. आणि घरून निघण्याची तयारी म्हणजे काय, या प्रश्नाचें त्यानें दिलेलें उत्तर आजच्या उत्तराहून बरेंच निराळें आहे.

मध्ययुगांतील युरोपच्या शहरांत प्रत्येक धंद्याची स्वतंत्र पंचायत असे. धंद्यांत शिरणाऱ्यास तीन पायऱ्या चढाव्या लागत. पहिली उमेदवाराची, दुसरी मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराची आणि तिसरी उस्तादाची. उस्ताद झाल्यावांचून स्वतःचें दुकान घालतां येत नसे, आणि पुष्कळ ठिकाणीं लग्नहि त्यानंतरच करतां येई. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जावयाचें तर मध्यें कांहीं वर्षें परगांवीं हिंडून काम केलें पाहिजे, असा नियम सोळाव्या शतकापासून जर्मन मुलखांतील अनेक धंद्यांत रूढ झाला.

या नियमाच्या मुळाशीं निव्वळ विद्येचें प्रेम होतें असें मात्र समजूं नये. गांवांत उस्तादांची संख्या बेताचीच राहावी, तरुण प्रतिस्पर्धी चार वर्षें दूर असावेत, हा व्यवहारी हेतु त्यांत उघड होता. उस्तादाच्या स्वतःच्या मुलाला या प्रवासांत अनेकदां सूट मिळे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. परंतु हेतु कांहींहि असला तरी फळ मोठें आलें. एका शहरांतील तुळया जोडण्याची युक्ति, दुसऱ्या शहरांतील दगड घडविण्याची रीत, तिसऱ्या गांवचें एखादें हत्यार, हें सारें या मुलांच्या हातांतून देशभर पसरलें. छापील पुस्तकें कारागिराच्या हातीं पडण्यापूर्वींच्या काळांत हे फिरते हातच त्या विद्येचे ग्रंथ होते.

निघण्याच्या तयारींत पहिला मान चांगल्या नांवाला होता. मुलगा औरस आहे, त्यानें उमेदवारी पुरी केली आहे, त्याच्यावर कसलाहि कलंक नाहीं, याचे लेख असल्यावांचून परगांवचा उस्ताद त्याला दारांत उभा करीत नसे. १७३१ सालीं जर्मन साम्राज्यानें सर्व धंद्यांच्या पंचायतींसाठीं एक कायदा केला. त्या कायद्यानें कारागिरानें बरोबर नेण्याच्या दाखल्याचा ठराविक मसुदा घालून दिला. या दाखल्यास ‘कुंडशाफ्ट’ म्हणत. त्यांत कारागिराचें नांव, गांव, वय, उंची, केसांचा रंग हें लिहिलेलें असे, आणि अमुक इतके दिवस येथें काम करून तो इमानानें, मेहनतीनें व शांतपणानें वागला, अशी ग्वाही असे. पुढें पुढें या कागदाच्या माथ्यावर त्या त्या शहराचें कोरीव चित्र छापण्याची चाल पडली. उंच मनोरे, तटबंदी, नदीवरचा पूल असें तें चित्र असे. त्यामुळें साध्या सुताराच्या खिशांत त्यानें पाहिलेल्या शहरांची जणूं चित्रमाला जमत जाई.

परंतु ज्या कागदानें मुलाची वाट मोकळी होई, त्याच कागदानें ती अडवितांहि येई. १७२६ सालीं आउग्सबुर्ग येथील चांभारकाम करणाऱ्या कारागिरांनीं मोठा संप केला होता. १७३१ च्या कायद्यामागें असल्या चळवळी मोडून काढण्याचा उद्देश होता. उस्तादाशीं भांडून निघालेल्यास दाखला मिळत नसे, आणि दाखला नाहीं म्हणजे पुढच्या गांवीं काम नाहीं. एकोणिसाव्या शतकांत सुट्या कागदाच्या जागीं पोलिसांच्या शिक्क्यांची वही आली. काम न मिळतां फार दिवस हिंडणारा तरुण भटक्या ठरून घरीं परत पाठविला जाऊं लागला. १८३५ सालीं तर जर्मन राज्यांच्या संघानें, परदेशांत जेथें राजकीय मंडळ्या उघडपणें चालत, अशा ठिकाणीं कारागिरांनीं जाऊं नये असा हुकूम काढला. मुलें हातोडा घेऊन जातील आणि विचार घेऊन परत येतील, ही ती भीति होती.

ती भीति अगदींच निराधार नव्हती. मात्र विचार आणण्यासाठीं परदेशांतच जावें लागे असें नाहीं. आउगुस्ट बेबेल हा जर्मन मजूरपक्षाचा पुढें थोर पुढारी झालेला पुरुष मूळचा कातारी होता. १८४० सालीं जन्मलेल्या या मुलाचे वडील लहानपणींच वारले, आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास आईहि गेली. वेट्स्लार गांवीं उमेदवारी संपवून १८५८ च्या फेब्रुवारींत, ऐन हिंवाळ्यांत, तो पायीं निघाला. जवळचा असा एक भाऊ काय तो उरलेला. तोहि सुतारकाम शिकत होता. तासाभराच्या वाटेपर्यंत हा भाऊ त्याला पोंचवावयास गेला, आणि निरोप घेतांना एकाएकीं ढसढसां रडला. भावाला असें रडतांना बेबेलनें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. ती दोघां भावांची अखेरची भेट ठरली. पुढच्याच वर्षीं, बेबेल दूर मुलखांत काम करीत असतां, तो भाऊ अवघ्या तीन दिवसांच्या दुखण्यानें गेल्याची वार्ता त्याला कळली. म्हातारपणीं लिहिलेल्या आठवणींत बेबेलनें ही हकीकत नोंदून ठेविली आहे. ज्यानें पुढें राज्यसभेंत बिस्मार्कसारख्या मुत्सद्द्याशीं टक्कर दिली, त्यालाहि तो रस्त्यावरचा तास विसरतां आला नाहीं.

घरून निघणाऱ्याची तयारी दिसते; मागें राहणाऱ्याची कोणी पाहात नाहीं. वाल्त्सच्या रूढींत मात्र तिचाहि विचार केलेला आढळतो. घराभोंवतालचें पन्नास किलोमीटरांचें वर्तुळ मुदत भरेपर्यंत त्या मुलाला बंद असतें. जवळच्या माणसाचें गंभीर दुखणें किंवा मृत्यु एवढाच अपवाद समजला जातो. सणाला नाहीं, बहिणीच्या लग्नाला नाहीं, नुसती आठवण आली म्हणून तर नाहींच नाहीं. हा नियम निर्दय दिसतो खरा. पण त्यामुळें घरच्यांना रोज वाटेकडे डोळे लावून बसावें लागत नाहीं. तो उद्यां येणार नाहीं हें ठाऊक असतें, आणि तो मुदतीनंतर येईल हेंहि ठाऊक असतें. अनिश्चित विरहापेक्षां मोजलेला विरह सोसावयास सोपा जातो.

दुसरी तयारी म्हणजे देणें फेडण्याची. आजहि या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्यास कांहीं अटी पाळाव्या लागतात. त्याचें वय तिशीच्या आंत असावें, तो अविवाहित असावा, त्याच्यावर मुलाबाळांचा भार नसावा, अंगावर कर्ज नसावें आणि त्याला फौजदारी शिक्षा झालेली नसावी. या अटींचा अर्थ असा कीं, सावकाराला, बायकोला किंवा न्यायाला चुकविण्यासाठीं कोणी प्रवासाचा आडोसा करूं नये. पळपुट्याला ही वाट बंद आहे. ज्याचें मागें कोणाचें देणें उरलेलें नाहीं, त्यालाच पाऊल पुढें टाकतां येतें.

सामानाची तयारी त्या मानानें फारच थोडी. वेष ठराविक असतो. जाड कॉर्डरॉय कापडाचा कोट व बंडी, घोट्याशीं रुंद होत गेलेली तुमान, बिनगळपट्टीचा पांढरा सदरा आणि टोपी. बंडीला आठ गुंड्या असतात, त्या दिवसाच्या आठ तासांच्या कामाच्या. कोटाला सहा, त्या आठवड्याच्या सहा दिवसांच्या. बाहीला तीन, त्या उमेदवारीच्या आणि प्रवासाच्या वर्षांच्या, असा त्यांचा अर्थ सांगतात. हातांत पीळ पडलेली काठी असते. वाढत्या रोपट्याला वेलीनें विळखा घातला म्हणजे त्याला असा पीळ पडतो. कानांतील सोन्याचा डूल हा अलंकारहि आणि विमाहि. परमुलखांत मरण आलें तर त्याच्या किमतींत अंत्यविधि व्हावा, असा त्याचा हेतु मानला जाई. हत्यारें, आंतले कपडे व अंथरूण एका चौकोनी कापडांत गुंडाळून तें गांठोडें खांद्याला लावलें कीं झालें. बरोबर खिशांतला टेलिफोन नेऊं नये, हीहि आतांच्या काळांत भर पडलेली अट आहे.

आणि पैसा? येथें या रूढीचें सर्वांत निराळें अंग दिसतें. हल्लीं निघतांना खिशांत केवळ पांच युरो ठेवण्याची चाल आहे. पूर्वीं ते पांच मार्क असत. परत येतांना खिशांत तेवढेच असावेत, अशी अपेक्षा असते. मुलानें रस्त्यांत उधळपट्टी करून भिकेस लागूं नये, आणि गांठीं माया जमविण्यासाठींहि हिंडूं नये, असे दोन्ही बोध त्या पांच नाण्यांत आहेत. प्रवासाला व रात्रीच्या निवाऱ्याला शक्यतों पैसे मोजावयाचे नाहींत. पायीं चालावें, नाहीं तर कोणी गाडींत घेईल त्याच्याबरोबर जावें. निवारा मागावा आणि त्याच्या मोबदल्यांत हातांतली कला द्यावी.

कांहीं न घेतां निघालेला हा मुलगा वाटेंत उपाशी कां मरत नसे, याचें उत्तर जुन्या पंचायतींच्या व्यवस्थेंत आहे. मोठ्या गांवीं प्रत्येक धंद्याची ठरलेली खाणावळवजा धर्मशाळा असे. आलेला पाहुणा खरा कारागीर आहे कीं तोतया, हें त्याच्या तोंडपाठ अभिवादनावरून ओळखीत. गांवांत काम असलें तर तें मिळवून देत. नसलें तर एका रात्रीचा निवारा, जेवण आणि वाटखर्चीला थोडे पैसे देऊन त्याला पुढें लावीत. फ्रान्समध्येंहि अशीच चाल होती. तेथें कारागिरांचें घर चालविणाऱ्या बाईला सारे जण ‘आई’ याच नांवानें हांक मारीत. पुढें पंचायती मोडकळीस आल्या, तेव्हां मूळ चांभारकाम करून नंतर धर्मगुरु झालेल्या आडोल्फ कोल्पिंगनें १८४९ सालीं कलोन येथें या तरुणांसाठीं संघ काढला. त्या संघांचें जाळें झपाट्यानें पसरलें. स्वतः प्रॉटेस्टंट असूनहि बेबेलनें आपल्या प्रवासांत फ्रायबुर्ग व साल्झबुर्ग येथें या कॅथॉलिक संघांचा आश्रय घेतला, आणि त्याबद्दल पुढेंहि चांगलेंच लिहिलें.

याचा अर्थ हें सगळें गोडच होतें असा नव्हे. फ्रान्समधील कारागिरांच्या निरनिराळ्या पंथांत हाडवैर असे. रस्त्यावर दोन पंथांचे तरुण समोरासमोर आले कीं काठ्या चालत, डोकीं फुटत, कधीं प्राणहि जात. अ‍ॅग्रिकोल पेर्दिग्ये हा आव्हिन्योंजवळचा सुतार १८२४ मध्यें घरून निघाला आणि सारा फ्रान्स हिंडून १८२८ मध्यें परतला. वाटेंत त्यानें हें भाऊबंदकीचें रक्त पाहिलें. तें पाहून गप्प न बसतां त्यानें १८३९ सालीं कारागिरांच्या या मंडळांवर ग्रंथ लिहिला आणि पंथांनीं वैर सोडावें म्हणून जन्मभर खटपट केली. त्याच्या प्रयत्नांनीं जॉर्ज सांद या प्रख्यात लेखिकेस कादंबरीचा विषय मिळाला, आणि १८४८ च्या क्रांतीनंतर हा सुतार लोकप्रतिनिधि म्हणून फ्रान्सच्या राष्ट्रसभेंत जाऊन बसला. हातीं रंधा घेऊन निघालेल्या मुलाला प्रवासानें काय शिकविलें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

यंत्रें आलीं, आगगाडी आली, आणि या प्रवासाची सक्ति संपली. १८६९ सालीं उत्तर जर्मन संघराज्यानें धंद्याचें स्वातंत्र्य जाहीर केलें. उस्ताद होण्यासाठीं वर्षानुवर्षें हिंडण्याची गरज उरली नाहीं. गंमत अशी कीं, सक्ति गेल्यावरच कांहीं तरुणांनीं आपखुशीनें या चालीला घट्ट धरून ठेविलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं त्यांनीं नवीं मंडळें काढलीं. १९३३ नंतरच्या हुकूमशाहींत त्यांची मुस्कटदाबी झाली. युद्ध संपल्यावर तीं पुन्हां उभीं राहिलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघालेल्या कांहीं मंडळांनीं मुलींनाहि प्रवेश दिला, आणि आज काळा कोट व पिळाची काठी घेतलेली सुतारीणहि त्या रस्त्यांवर भेटते. फ्रान्समधील कारागिरांच्या परंपरेला युनेस्कोनें २०१० सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

आतां नव्या काळाकडे वळावें. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियानें ब्रिटन, कॅनडा आदि देशांच्या तरुणांसाठीं काम करीत सुटी घालविण्याचा परवाना सुरू केला. पुढें अशा करारांचें जाळें अनेक देशांत विणलें गेलें. भारतीय तरुणांपुढें हें दार उशिरा उघडलें. ब्रिटनची दोन वर्षांची योजना २०२३ मध्यें सुरू झाली. तींत वर्षाला तीन हजार जागा ठेवण्यांत आल्या. ऑस्ट्रेलियानें २०२४ मध्यें वर्षाला एक हजार जागा दिल्या. दोन्ही ठिकाणीं वयाची अट अठरा ते तीस, आणि दोन्ही ठिकाणीं निवड चिठ्ठ्या टाकून. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतून या चिठ्ठींत नांव निघण्याची वाट पाहिली जाते, आणि नांव निघालें कीं घरांत एकच धांदल उडते.

नव्या अटी व जुन्या अटी शेजारीं ठेवून वाचाव्या. वय तिशीपर्यंत, पाठीशीं मुलांचा भार नाहीं, वर्तन निष्कलंक, मुदत ठरलेली. शतकें लोटलीं तरी हें सारें जवळ जवळ तसेंच राहिलें आहे. बदललें तें एकच. ब्रिटनच्या योजनेंत अर्जदारानें आपल्या खात्यांत दोन हजार पांचशें तीस पौंड अठ्ठावीस दिवस सतत शिल्लक असल्याचा पुरावा द्यावा असा नियम करण्यांत आला. जुन्या वाटसरूचा खिसा रिकामा आहे कीं नाहीं हें पाहात. नव्याचा भरलेला आहे कीं नाहीं हें पाहतात. पूर्वीं परक्या गांवानें मुलाला सांभाळून घ्यावयाचें असे, म्हणून त्याच्या नांवाची चौकशी होई. आतां त्यानें स्वतःलाच सांभाळावयाचें असतें, म्हणून त्याच्या खात्याची चौकशी होते. यांत सरकारांची चूक आहे असें नाहीं. ज्या जगांत धंद्याची धर्मशाळा उरली नाहीं आणि परक्या घरांत ‘आई’ म्हणून हांक मारावी अशी बाई उरली नाहीं, तेथें पैशाचीच सोबत शोधावी लागते.

परंतु खात्यांतील शिल्लक दाखविली म्हणजे तयारी झाली, असा समज मात्र होऊं नये. परवाना हातीं आल्यावर घरोघर पेट्या भरल्या जातात, लोणच्याच्या बरण्या तपासल्या जातात, गरम कपडे खरेदी होतात. हें सर्व आवश्यक आहे. तथापि जुन्या सुताराच्या घरीं निघण्यापूर्वीं जे प्रश्न विचारले जात, ते या धांदलींत विचारले जातात कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. कोणाचें देणें राहिलें आहे काय? कोणाशीं अबोला ठेवून निघत आहों काय? हातांत अशी कोणती कला आहे कीं जिच्या बदल्यांत परका माणूस आनंदानें भाकर देईल? आणि घरच्यांना परतण्याचा दिवस सांगितला आहे काय?

या शेवटच्या प्रश्नाचें मोल बेबेलच्या भावाला कळलें असतें. दोन वर्षांची मुदत सांगून गेलेला मुलगा पुढें तेथेंच राहिला, तर तो त्याचा हक्क आहे. पण मग घरच्यांचें मोजणें कोणत्या दिवशीं थांबावें, हें त्यांना कोणीतरी सांगावयास हवें. जुन्या वाटसरूंनीं तें काम गांवाच्या पाटीवर सोंपविलें होतें. तिच्या पायथ्याशीं मातीखालीं एक बाटली आहे, हें आईला ठाऊक असतें, बापाला ठाऊक असतें, आणि हजार कोसांवर एखाद्या परक्या छपरावर खिळे ठोकीत बसलेल्या मुलालाहि ठाऊक असतें. तीन वर्षें आणि वरचा एक दिवस सरला कीं तो त्याच रस्त्यानें येतो, पुन्हां त्या पाटीवर चढतो आणि या वेळीं अलीकडच्या अंगास उतरतो. मग माती उकरून बाटली बाहेर काढतात. खिशांतले पांच युरो जसेच्या तसे असतात.